शेजारच्या प्रवाशाला जागा दिली जात आहे

विश्व क्षणाक्षणाला प्रसरण पावत आहे. आकाशगंगा एकमेकींपासून दूर पळताहेत, मधली पोकळी वाढते आहे आणि या अफाट विस्ताराला कुठेही अपवाद नाही, असं शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगतात. ते शास्त्रज्ञ बहुधा विमानाच्या पुढच्या वर्गाने प्रवास करत असावेत. कारण मागच्या भागात, जिथे नाकासमोर दुसऱ्याचं डोकं आणि गुडघ्यासमोर दुसऱ्याची पाठ असते, तिथे विश्व कित्येक वर्षं बिनबोभाट आकुंचन पावत होतं. आणि त्या आकुंचनाच्या बरोबर केंद्रस्थानी, मधल्या सीटवर, परभणीच्या वृंदाताई पाथ्रीकर बसल्या होत्या.

त्या तिथे कशा आल्या, हे सांगायला हवं. व्हँकुव्हरला त्यांच्या मल्हारला मूल व्हायचं होतं. तसं ते मल्हारच्या बायकोला, ओवीला व्हायचं होतं. पण वृंदाताईंच्या बोलण्यात ते मल्हारलाच होत असे. बाळंतपणासाठी दोन्ही आज्या निघाल्या. ओवीची आई चारुशीला मांडवगणे सोलापूरहून आली आणि दोघी नवी मुंबईच्या विमानतळावर भेटल्या.

मल्हारला त्याच्या ऑफिसच्या कृपेने पुढच्या वर्गातलं एक तिकीट मिळत होतं. पाय पसरून झोपायचं, चादर, उशी, सगळं. पण तिकीट एकच.

"विहीणबाई, तुम्ही जा पुढे," वृंदाताईंनी फोनवर सांगितलं होतं. "तुम्हाला दगदग नको."

"छे हो, तुम्ही मुलाच्या आई. मान तुमचा."

"मान कसला आलाय? तिथे गेल्यावर मुलीच्या आईलाच उभं राहायचंय. तुम्हीच जा."

"मी गेले तर लोक काय म्हणतील?"

विमानात लोक कोण असणार होते, हे कुणी विचारलं नाही. हा आग्रह तीन आठवडे चालला. दोन्ही बाजूंनी तो इतका तोलामोलाचा होता की शेवटी ते तिकीट पहिल्याच आग्रहाला हो म्हणणाऱ्या कुणा परक्या माणसाला मिळालं. आणि दोघी, आपण केवढा त्याग केला या समाधानात, मागे शेजारीशेजारी आल्या. तिथेही कडेची सीट कुणी घ्यायची यावर थोडा आग्रह झाला. मागे रांग तुंबली तेव्हा वृंदाताईंनी मोठ्या मनाने मधली घेतली आणि ते मोठं मन ताबडतोब चेपलं गेलं.

खिडकीशी सारंग उंब्रजकर नावाचे चाळिशीतले गृहस्थ होते. "नमस्कार काकू," म्हणाले, पट्टा बांधला आणि विमान सुटायच्या आत झोपले. चेहऱ्यावर अपार समाधान. असा माणूस मागच्या वर्गात फार दिवस टिकत नाही, पण ते पुढे येईलच.

दोघी विहिणींचं वैर होतं असं नाही. वैराला निदान बोलावं लागतं. यांचं लग्नापासून फक्त "बरं आहे ना?" आणि "हो, तुमचं?" एवढंच चालू होतं. कारण होतं परातीचं. सीमांतपूजनाच्या वेळी चारुशीलाताई रीतीप्रमाणे मुलाच्या आईचे पाय धुवायला बसल्या आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, "अगं बाई, परात मोठी आणा, यात विहीणबाई मावत नाहीत." मंडप हसला. वृंदाताईही हसल्या. मात्र त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत चप्पल काढली नाही.

आता थोडं त्या सीटविषयी, कारण खरी करामत तिची आहे.

कंपनीने तिला काहीतरी गुळगुळीत परदेशी नाव दिलं होतं. आपले लोक तिला सरळ सरकतं बाक म्हणत. दिसायला साधंच: तीन सीटा, पण मधे हात टेकायच्या दांड्या नाहीत, सगळं एकाच कापडात विणलेलं. त्या विणीतले धागे म्हणजे कृत्रिम स्नायू. किंचित वीज सोडली की आखडतात, बंद केली की सैल पडतात. त्याच विणीत बारीक संवेदक होते. मांडीतून रक्त कसं वाहतंय, पाठ किती ताठ आहे, श्वास किती खोल जातोय, हे ते न कंटाळता मोजत राहत. बाकाखालचा संगणक तिघांचं गाऱ्हाणं ऐकून घेई आणि ज्याला जास्त त्रास त्याच्याकडे जागा सरकवी. जागा नव्याने निर्माण मात्र करता येत नाही. ती शेजाऱ्याकडूनच घ्यावी लागते. विज्ञानाची तिथे मर्यादा आहे आणि एस.टी.च्या कंडक्टरांना ती फार पूर्वीपासून ठाऊक होती.

खरी गंमत निराळीच. बाक बनवणाऱ्यांना मुळात वेदना मोजायची होती. ती काही मापात सापडेना. एकाला जे असह्य ते दुसऱ्याला गुदगुल्या. पण वेदना लपवायला शरीराला जी मेहनत पडते, ती चोख मोजता येते, असं प्रयोगांत दिसलं. जो कण्हतो तो सैल पडतो. जो हसून "काही नाही हो" म्हणतो त्याचा जबडा, मान, मांडी, सगळं आवळलेलं असतं. म्हणजे या बाकाला आरडाओरडा ऐकू यायचा नाही. त्याला ऐकू यायचा संकोच.

जिथे लोकांना दुखलं की दुखतं म्हणायची सवय आहे, अशा देशांत या बाकाचा फारसा बोलबाला झाला नाही. आपल्याकडे मात्र घरोघरी उलथापालथ झाली. चाळीस चाळीस वर्षं "मला कुठे काय होतंय?" म्हणणारे नवरे विमान उतरल्यावर थेट दवाखान्यात नेले गेले. लग्न जमवणाऱ्या काही चाणाक्ष मंडळींनी तर पत्रिका बाजूला ठेवून मुला-मुलीला एका लांबच्या विमानात शेजारीशेजारी बसवायची टूम काढली. पुढच्या वर्गातले लोक याला मुकले. त्यांच्या सीटा ऐसपैस, पण एकेकट्या. त्यांना द्यायला कुणी नव्हतं आणि घ्यायलाही.

विमान वर गेलं. दोघी विहिणी ताठ बसल्या. कोपर अंगाशी, गुडघे जुळलेले, पदर सावरलेला. एकीचा धक्का दुसरीला लागता कामा नये.

जेवण आलं. चारुशीलाताईंनी डबी उघडली. "शेंगाचटणी घ्या. सोलापूरची."

"राहू दे, तुम्हाला पुरायची नाही."

"अहो, भरपूर आहे."

वृंदाताईंनी बोटाच्या टोकावर घेतली. चटणी अप्रतिम होती, हे त्या बोलल्या नाहीत. तेवढ्यात त्यांना आपलं कोपर पोटात रुतल्यासारखं वाटलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: "शेजारच्या प्रवाशाला जागा दिली जात आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

कसलं सहकार्य? वृंदाताईंनी खाली पाहिलं. चारुशीलाताईंची बाजू तट्ट फुगली होती आणि त्यांची स्वतःची बाजू पुरणपोळी लाटताना कडेला राहिलेल्या कणकेसारखी झाली होती. मुलाची आई ती, आणि जागा मुलीकडच्यांना! परातीत मावत नव्हत्या, आता बाकावरही मावू नयेत, असा हा कट होता तर.

त्यांनी बटण दाबलं. हवाई सेविका आली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर शर्वाणी असं नाव होतं.

"हे बिघडलंय," वृंदाताई म्हणाल्या.

शर्वाणीने पडदा पाहिला. "बिघडलेलं नाही, मॅडम. शेजारच्या मॅडमना जास्त त्रास होतोय, म्हणून."

"मला?" चारुशीलाताई प्रसन्न हसल्या. "मला काय धाड भरलीय? मी अगदी मजेत आहे!"

बाक आणखी दोन बोटं त्यांच्याकडे सरकलं.

असल्या मजेत असलेल्या बायका शर्वाणीने पुष्कळ पाहिल्या होत्या. ती एक उशी देऊन निघून गेली.

वृंदाताई मात्र विचारात पडल्या. त्या तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उत्तर समोर असेल तर रीत शोधून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दिवे मंद झाले. खिडक्यांच्या झडपा खाली होत्या, पण कडेकडेने ऊन आत येत होतं; विमान उत्तर ध्रुवाजवळून चाललं होतं आणि तिथे या दिवसांत सूर्य मावळायचं नाव घेत नाही. सगळे झोपल्यासारखे दिसत होते.

"विहीणबाई," त्या सहज विचारावं तसं म्हणाल्या, "गुडघा दुखतो का हो तुमचा?"

"नाही बाई."

बाक हललं नाही.

"कंबर?"

"कंबर उत्तम आहे."

बाक ढिम्म.

"मग खुबा असेल."

"छे, छे! खुब्याला काय झालंय?"

बाक असं काही सरकलं की वृंदाताई थेट सारंगरावांच्या दंडाला टेकल्या. सारंगराव झोपेत हसले आणि खिडकीकडे अजून थोडे अरुंद झाले. समाधानी माणसाचं या बाकावर हे असंच होतं. तो देतच जातो.

"ओवीला ठाऊक आहे?"

चारुशीलाताई गप्प. बाक मात्र गप्प बसलं नाही.

आता वृंदाताईंच्या ध्यानात सगळं आलं. बाळाची आंघोळ! आजीने पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं, तेल चोळायचं, ऊन पाणी घालायचं. लेकीच्या बाळंतपणात हा हक्क लेकीच्या आईचा, आणि चारुशीलाताईंनी तो महिनाभर आधीच फोनवर जाहीर करून टाकला होता. वृंदाताईंना ते लागलं होतं. मल्हारला त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं होतं. त्या पायांना ती ओढ अजून होती, पण पायांबद्दल तोंड उघडायची त्यांची सोय राहिली नव्हती.

आणि आता हुकमाचं पान आपसूक हातात आलं होतं. त्यांनी फोन काढला. विमानातून निरोप जात होते. त्यांनी लिहिलं: "ओवी, तुझ्या आईचा खुबा पार गेलाय. तिला खाली बसता यायचं नाही. काळजी करू नकोस. आंघोळीचं मी बघेन."

मागच्या वर्गात निरोप एकाने लिहावा आणि तिघांनी वाचावा, एवढंच अंतर असतं. चारुशीलाताईंनी वाचला.

"पाठवा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "खरंच आहे ते. डॉक्टर म्हणाले, बदलून घ्या. मी म्हटलं, बाळंतपण होऊ द्या, मग काय करायचं ते करा. ओवीला कळलं तर ती मला पलंगावर बसवून ठेवील आणि आंघोळीला बाई लावील."

"मग लावू दे की. तुमचा जीव काही—"

"ओवी झाली तेव्हा मी नोकरीत नवी होते, वृंदाताई." विहीणबाई म्हणायचं त्या विसरल्या होत्या. "रजा संपली आणि सासूबाई आजारी. तिला न्हाऊ घातलं ते शेजारच्या कमळाबाईंनी. मी दारातून बघायची आणि बस पकडायची. माझ्या लेकीला मी एकदाही पायांवर घेतलं नाही. म्हटलं, निदान तिच्या लेकराला..." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. "खूप दुखतंय हो. मुंबईपासून दुखतंय."

आणि बाक सैल झालं. जे एवढा वेळ आवळून धरलं होतं ते सुटलं होतं; संवेदकांना नोंदण्यासारखं काही उरलं नाही. पोटातलं कोपर निघालं. वृंदाताईंना त्यांची जागा, जशीच्या तशी, परत मिळाली.

पण बाक तिथे थांबलं नाही. ते येतच राहिलं. चारुशीलाताईंची बाजू आता चेपू लागली आणि त्यांच्या पडद्यावर अक्षरं आली: "शेजारच्या प्रवाशाला जागा दिली जात आहे."

"तुम्हाला काय होतंय?" चारुशीलाताईंनी विचारलं.

"मला? कुठे काय?" वृंदाताई म्हणाल्या, आणि बाक भसकन त्यांच्याकडे आलं.

त्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. नुसतं एक बोट टेकवायचं होतं. गणित बरोबर होतं, रीत बरोबर होती, उत्तरही आलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बरोबर उत्तराची लाज वाटली. त्यांनी निरोप पुसून टाकला. बाक किंचित सैल झालं, पण किंचितच.

"अजून काहीतरी आहे," चारुशीलाताई पडद्याकडे बघत म्हणाल्या. या यंत्राची त्यांनाही आता सवय होऊ लागली होती. "बोला."

"परात."

"कुठली परात?"

"सीमांतपूजनाची. पाय मावत नाहीत म्हणालात. सगळे हसले."

चारुशीलाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते अजून धरून बसलात? मी घाबरले होते हो. एवढं वऱ्हाड, त्यात तुम्ही गणिताच्या बाई. मी घाबरले की तोंडाला येईल ते बोलते. माझ्या स्वतःच्या लग्नात भटजींना दाढी शोभत नाही म्हणाले होते."

"शोभत होती?"

"मुळीच नाही."

दोघी हसल्या. मोठ्याने नाही, पण बाकाला ते पुरलं. ते मधोमध येऊन स्वस्थ राहिलं.

मग वृंदाताईंच्या पडद्यावर एक नवाच मजकूर आला: "शेजारच्या प्रवाशाला पाय लांब केल्यास आराम मिळेल. ते आपल्या मांडीवर घेण्यास संमती आहे का?" खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही.

चारुशीलाताईंनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काहीतरीच! मुलाच्या आईच्या मांडीवर मी पाय ठेवू? कुठे फेडू हे पाप? नाही दाबा, नाही दाबा!"

वृंदाताईंनी हो दाबलं.

बाक हळूच वळलं. चारुशीलाताईंची पाठ वाटेच्या बाजूला कलली, तिथे कापड उंच होऊन टेकू झालं, आणि त्यांचे पाय, मोज्यांसकट, वृंदाताईंच्या मांडीवर येऊन विसावले. ज्या काळी मुलाच्या आईचे पाय धुतल्याशिवाय लग्न पुरं होत नसे, त्या काळापासून आजवर कुठल्याही मांडवात असं घडलं नव्हतं. ते घडायला ढगांच्या वर, मागच्या वर्गात, तीन माणसं कोंबलेलं एक बाक लागलं. वृंदाताईंनी पोटऱ्या चेपायला सुरुवात केली. लांबच्या प्रवासात रक्त साकळतं, हे त्यांना माहीत होतं. आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

"अहो नको हो," चारुशीलाताई म्हणाल्या, पण बाक जागचं हललं नाही. म्हणजे खरंच बरं वाटत होतं.

"तुमचे पाय लहान आहेत हो," वृंदाताई म्हणाल्या. "मावले."

"घ्या, काढा उट्टं."

मग चारुशीलाताई छताकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"पाटावर तुम्ही बसाल? पाय तुमचे. मी शेजारी स्टुलावर बसेन, तेल मी लावीन, पाणी मी घालीन. तुमच्या पायांवर बाळ कसं भक्कम राहील. घरंगळायची भीती नाही. एवढे ऐसपैस पाय आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाला नाहीत."

वृंदाताईंनी वाकून, कोपरं कुणाला लागणार नाहीत अशा बेताने, चप्पल काढली. आपले दोन्ही पाय त्यांनी समोरच्या सीटखालच्या टीचभर जागेत जमेल तेवढे लांब केले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मोठे होते. पुष्कळ मोठे होते. एका बाळाला पुरून उरतील एवढे.

"ओवीला तुमचं मीच सांगते," त्या म्हणाल्या. "बाई लावू नकोस, आम्ही दोघी मिळून एक धड आजी होतो, म्हणून."

झडपेच्या कडेने आलेली उन्हाची रेघ दोघींच्या मधे पडली होती. माणसाने जागेवर मिळवलेला हा पहिलाच विजय असावा, असं वृंदाताईंना वाटलं. पुढच्या वर्गात कुणीतरी परका माणूस त्यांच्या वाट्याच्या चादरीत एकटाच पाय पसरून झोपला होता, आणि त्यांना त्याची मनापासून कीव आली.

एवढ्यात बाक हललं.

या वेळी ते खिडकीकडे निघालं. आधी हळूहळू, मग जोरात. दोघींच्या पडद्यांवर एकदमच अक्षरं उमटली: "शेजारच्या प्रवाशाला जागा दिली जात आहे."

दोघींनी वळून पाहिलं. सारंगराव जागे होते. चिंचोळ्या फटीत ताठ बसून समोर बघत होते. चेहऱ्यावर स्मित होतं, पण आता ते स्मित कसलं असतं हे दोघींना पक्कं ठाऊक झालं होतं. बिचारा! एवढा वेळ आपण त्याला समाधानी समजत होतो.

"काय होतंय हो?" वृंदाताईंनी मायेने विचारलं.

"काही नाही, काकू."

बाक चार बोटं सरकलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" चारुशीलाताई म्हणाल्या.

"हो, सगळे मजेत."

बाक हललं नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरचं नव्हतं तर.

"नोकरीचं काही?"

"छान चाललीय."

तेही नव्हतं. मग फार खोलवरचं असणार. वृंदाताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "हे बघा, मनात ठेवलं की जास्त दुखतं. आम्ही आत्ताच अनुभवलंय. परक्या समजू नका. अगदी मोकळेपणाने सांगा."

सारंगरावांनी विहिणींच्या मांडीवरच्या पायांकडे पाहिलं, काढलेल्या चपलांकडे पाहिलं, वाटेपर्यंत पसरलेल्या त्या सगळ्या संसाराकडे पाहिलं. ते अतिशय ओशाळले.

"तुमचं इतकं छान चाललं होतं, म्हणून मघापासून बोललो नाही," ते म्हणाले. "काकू, जरा उठता का दोघी? बाथरूमला जायचंय."